काटकोनातल्या रिंगा

बीमचं लोखंड बांधायला बोलावताना क्षितिजाने महिपतकाकांना अर्धंच कारण सांगितलं होतं. गोडदेवला राहणारे काका तीस वर्षं बिल्डिंगांचं लोखंड बांधत होते. इंद्रलोक भागातल्या एका साइटवर क्षितिजा इंजिनिअर होती, तेव्हाची त्यांची ओळख. आता ती एम.टेक. करत होती आणि भूकंपासारखे हिसके पुन्हा पुन्हा बसले तर बीम कसा वागतो, हे तपासत होती. एका बीमचं लोखंड तिने नियमाप्रमाणे बांधलं. दुसऱ्याचं काकांकडून बांधून घेतलं. साइटवर बांधता तसंच बांधा, एवढंच ती म्हणाली; तो नियमातल्या बीमशी ताडून बघायचाय, हे नाही.

चाचणीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून कॉलेजात आले. बायकोलाही घेऊन आले. आपलं काम बघायला बोलावलंय, असं त्यांनी अंबिकाकाकूंना सांगितलं होतं.

यंत्र बीमचं टोक वर ढकलायचं, मग खाली ओढायचं, दर फेरीला थोडं जास्त. क्षितिजाचा बीम आदल्या दिवशी तडे जाऊनही टिकला होता. काकांचा अकराव्या फेरीला फुटला. वरचं काँक्रीट ढासळलं आणि आतल्या सळयांभोवतीच्या रिंगा दिसल्या. त्यांची टोकं आत न वळवता काटकोनात सोडलेली होती, ती उघडली होती. त्यांनी आवळून धरायच्या सळया बाहेर फुगल्या होत्या.

बघायला जमलेली वर्गातली मुलं हसली. सरांनी विचारलं, हे बांधलं कुणी?

"आहे एक लोकल फिटर," क्षितिजा म्हणाली.

काका तिच्या मागेच उभे होते. तिने वळून पाहिलं तेव्हा दोघं दाराबाहेर पडत होते.

संध्याकाळी ती गोडदेवला गेली. काकू पाणी देऊन आत निघून गेल्या. क्षितिजा माफी मागू लागली, तसं काकांनी तिला थांबवलं.

"मॅडम, दोन वर्षं माझ्या रिंगा तुम्हीच तपासल्या. सही तुमची हाय. तेव्हा का न्हाय बोललात?"



"मला माहीत होतं," ती म्हणाली. "ड्रॉइंगमध्ये टोकं आत वळवलेलीच होती. पण काँक्रीटची गाडी गेटवर उभी असायची. मी सही करून टाकायचे."

काका म्हणाले, आता मी तुमच्या कॉलेजात येणार न्हाय.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना आणि मुलांना सगळं सांगितलं, सहीसकट. सर म्हणाले, हे रिपोर्टात लिहायची गरज नाही. तिने इंद्रलोकच्या त्या सोसायटीला मात्र पत्र पाठवलं, बिल्डिंग तपासून घ्या म्हणून. खाली स्वतःचं नाव लिहिलं.

आठवड्याने काकांचा फोन आला. टोक किती वळवायचं, येऊन दाखवा.

नव्या साइटवर त्यांची माणसं बघत असताना तिने सळई वाकवायला घेतली. तिला जमेना. काकांनी तिच्या हातून सळई वाकवायची लोखंडी चावी घेतली आणि एका झटक्यात टोक आत वळवलं.

"असं?"

"हो, काका."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सकाळपासून केलेल्या रिंगा बाजूला काढा, असं माणसांना सांगून ते दुसरी सळई उचलायला गेले.