आठव्या कप्प्याची चावी

मी एक जुना लोखंडी लॉकर आहे, मित्रांनो. आठ कप्पे, आठ दारे. रंग एके काळी राखाडी होता. तुम्ही रविवारी मैदानावर येता आणि पाण्याच्या बाटल्या ज्याच्या डोक्यावर ठेवता, तोच मी. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला रडू यावे अशी माझी इच्छा नाही. लोखंडाला फारसे काही वाटत नाही, आणि वाटले तरी ते दाखवायची सोय आमच्याकडे नसते.

माझा जन्म हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, वेल्डिंग केले, रंगाचा फवारा मारला, झाले. दोन गल्ल्या सोडून एक कारखाना होता. तिथे स्टीलच्या डब्यांना पॉलिश करत. त्या कारखान्यात मी अकरा वर्षे उभा होतो. कामगार सकाळी माझ्यात घरचे कपडे ठेवत आणि संध्याकाळी काढून नेत. "लॉकर मजबूत आहे हां," असे मालक एकदा म्हणाले. अकरा वर्षांतले माझे कौतुक ते एवढेच. मग कारखाना बंद पडला. आठव्या दाराची चावी कोणीतरी खिशात घालून घेऊन गेला, म्हणून त्याचे कुलूप फोडावे लागले. तिथे नुसती कडी बसवली आणि मला भंगारवाल्याकडे टाकले. दीड वर्ष मी तिथे आडवा पडून होतो. वाईट वाटले का? नाही. गंज चढत होता, तो चढू दिला.

तिथून मला सुचेताताईंनी आणले. ताई रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना फुटबॉल शिकवतात. ज्यांना घर नाही त्यांना फुटबॉल कशाला, असे तुम्हाला वाटेल. भंगारवाल्यानेही तेच विचारले होते.

"दिवसभर ह्यांना सगळे एकच सांगतात, इथून ऊठ, तिथून हट," ताई म्हणाल्या. "मैदानात निदान कोणीतरी ओरडतं, इकडे ये, मला पास दे."

भंगारवाल्याने मला टेम्पोत चढवून दिले आणि मी मोरवा गावाजवळच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली येऊन उभा राहिलो.

मला का आणले, त्यामागे एक हरलेला सामना होता. तो मी पाहिलेला नाही, पण इतक्या वेळा ऐकला आहे की आता पाहिल्यासारखाच आहे. बेघर माणसांच्या संघांची एक छोटी स्पर्धा होती. एका बाजूला चारच खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन भाग. आता, रस्त्यावर राहणारा माणूस आपले सामान कधीच नजरेआड करत नाही. त्याला कपाट नसते, दार नसते. नजर हेच त्याचे कुलूप. म्हणून सगळ्यांनी आपापली बोचकी गोलच्या मागे रचून ठेवली होती. मागून कोणीही चालत गेले की आमच्या चौघांच्या माना एकदम तिकडे वळत. शेवटच्या मिनिटाला एक कुल्फीवाला तिथून चालला होता. आमचा गोलकीपर महिपत वळून त्याच्याकडे बघत राहिला आणि चेंडू सावकाश त्याच्या बाजूने आत गेला.

"ओ काका, बॉल बघायचा की बोचकं?" भूपेश भर मैदानात ओरडला होता. भूपेश पंचविशीचा, लग्नांत वाढप्याचे काम करणारा आणि पुलाखाली झोपणारा. त्यानंतर तो कित्येक दिवस महिपतशी बोलला नाही.

मी आलो आणि सात जणांनी सात कप्पे भरले. आठवा रिकामा राहिला, कारण महिपत सामान द्यायला तयार नव्हता. तो बोचके गोलच्या खांबाला बांधून सराव करायचा. ताई समजावून थकल्या. शेवटी संघाची कप्तान रीमा त्याच्यासमोर उभी राहिली.

"महिपतभाऊ, कोल्हापूरला मोठी स्पर्धा आहे. तुम्ही असं मागे बघत राहिलात तर आपली टीम इथूनच बाहेर. तुम्हाला यायचंय की नाही?"

"यायचंय," महिपत म्हणाला. "पण कुलुपाचं मला सांगू नकोस. आजारपणात माझं भाडं थकलं. हॉस्पिटलातून परत आलो तर खोलीला दुसऱ्याचं कुलूप. सामान आत, मी बाहेर. आतलं काही मिळालं नाय. जेवढं माझ्याबरोबर होतं, तेवढंच ह्यात आहे."

हे सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही. दुसऱ्याच कोणाची हकीकत सांगावी तसा तो बोलला. त्या बोचक्यात त्याच्या आईचा फोटो होता, खेडच्या शाळेचा दाखला होता, रेशनकार्ड होते आणि एक चादर. ते गेले असते तर महिपत कुठला, कोणाचा, हे सांगणारे काहीच उरले नसते.

रीमाने माझ्या आठव्या दाराची कडी वाजवून दाखवली. मग म्हणाली, "आठव्याला कुलूप नाहीच. नुसती कडी आहे. तुमचं तुम्ही आणा ना."

पुढच्या रविवारी महिपत एक लहानसे पितळी कुलूप घेऊन आला. त्याने बोचके माझ्यात ठेवले, कडीला कुलूप लावले आणि तीनदा ओढून पाहिले. मी एवढे ओझे वाहिले आहे, पण इतका जपून ठेवलेला ऐवज माझ्यात पहिल्यांदाच आला. त्या दिवशी मला बरे वाटले.

त्याच दिवशी निवडीचा सामना होता. महिपतने चावी दोरीत ओवून गळ्यात घातली होती. पंचांनी ती काढायला लावली. गळ्यात काही घालून खेळता येत नाही, हा नियम आहे. महिपत चावी हातात धरून नुसता उभा राहिला. बाकीचे सगळे पाय मोकळे करायला मैदानात उतरले होते. बाहेर एकटा भूपेश होता, पाय मुरगळल्यामुळे बाकावर बसलेला.

"दे इकडे," भूपेश म्हणाला.

महिपतने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि चावी दिली.

सामना दोन-दोन असताना शेजारच्या पोरांचा चेंडू येऊन माझ्या पत्र्यावर धाडकन आदळला. मी केवढ्याने वाजलो! महिपतची मान वळायला लागली.

"काका, चावी माझ्याकडे आहे!" भूपेश बाकावरून किंचाळला.

मान अर्ध्यातच थांबली. समोरून आलेला चेंडू महिपतने छातीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग त्याने तो लांब फेकला आणि दुसऱ्या टोकाला रीमाने विजयी गोल केला. सगळे नाचत होते. महिपत नाचला नाही. चेंडू अजून पोटाशी असल्यासारखे हात धरून तो आपल्या जागीच उभा होता.

कोल्हापूरला निघायच्या सकाळी महिपतने बोचक्यातून फक्त रेशनकार्ड काढून खिशात घातले. "तिथं सगळे खेळणार, मग सामान कोण बघणार?" तो म्हणाला. "इथं भूपेश आहे." पाय सुजल्यामुळे भूपेश मागे राहिला होता. पाच दिवसांसाठी चावी त्याच्याकडे गेली.

दुसऱ्याच दिवशी मैदानावर कोणाच्या तरी लग्नाचा मंडप घालायला माणसे आली. त्यांना मी मध्ये येत होतो.

"ये डब्बा किसका है? उठाओ, भंगार में डालो," त्यांचा मुकादम म्हणाला.

भूपेश लंगडत आला आणि माझ्या दारांना पाठ लावून खाली बसला. "भाई, अंदर लोगों का सामान है."

"चाबी है ना तेरे पास? निकाल ले सामान."

"छह की नहीं है. एक मेरी अपनी है. और एक की है, वो संभालने को दी है. खोलने को नहीं."

मुकादम चिडला. दोन माणसांनी मला एका बाजूने उचललेसुद्धा. भूपेश उठला नाही. माझ्याबरोबर तोही तिरका झाला, पण उठला नाही. शेवटी लग्नाच्या आचाऱ्याला त्याची दया आली की आपले काम सुचले, कोण जाणे. "राहू दे रे, मला भांडी ठेवायला होईल," तो म्हणाला. मग मंडपाचे कापड माझ्या मागून गेले, माझ्या डोक्यावर पातेली चढली आणि भूपेश माझ्या पायाशी बसून तीन दिवस कांदे चिरत राहिला. एवढ्या दिवसांत त्याने आठवे दार उघडले नाही.

संघ आठांमध्ये सहावा आला. पण परत आलेली माणसे जास्त बोलत होती. तिथले लोक महिपतला नावाने हाका मारत होते, असे रीमाने पुन्हा पुन्हा सांगितले. महिपत सरळ माझ्याकडे आला. भूपेशने चावी दिली. महिपतने दार उघडले. बोचके जसेच्या तसे होते, गाठसुद्धा त्याचीच. त्याने ते बाहेर काढले नाही. फक्त पाहिले, दार लावले आणि चावी पुन्हा भूपेशच्या हातात ठेवली.

"वडापाव खाऊया?" तो म्हणाला.

दोघे निघाले. महिपतचे दोन्ही हात रिकामे होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हते. आधी त्याने ते मागे बांधले, मग खिशात घातले, मग एक हात भूपेशच्या खांद्यावर ठेवला.

आता त्या दोघांनी हाटकेशला एक लहान खोली घेतली आहे. ताईंनी त्यांच्यासाठी शब्द टाकला. महिपत एका गाळ्यात पॅकिंगचे काम करतो. रीमा अजून पुलाखालीच राहते, पण रविवारी वीस मुलींना शिकवते. सगळे काही ठीक झाले, असे मी म्हणणार नाही. माझे आठही कप्पे आज पुन्हा भरलेले आहेत आणि बाहेर आणखी पाच जण जागेची वाट बघत आहेत.

मित्रांनो, तुम्ही घरी गेल्यावर दप्तर कुठेतरी भिरकावता आणि पुन्हा त्याच्याकडे वळूनही बघत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझे एवढेच मागणे आहे. उद्या रस्त्यावर एखादा माणूस आपल्या बोचक्याकडे बोट दाखवून म्हणाला, "जरा बघता का, पाणी पिऊन येतो," तर उशीर होतोय म्हणून निघून जाऊ नका. तो येईपर्यंत थांबा.