तिसरी कॉफी

मी शेफिकाच्या चुलीवरची जेझ्वा बोलतेय. जेझ्वा म्हणजे कॉफी उकळायचं लांब दांड्याचं तांब्याचं भांडं. परवा पडद्यावर मला पाहून माणसं रडली म्हणे. रडोत बापडी! पण खरं काय घडलं ते माझ्याकडून ऐका.

सारायेव्होच्या तांबटआळीत मला ठोकून घडवलं, आतून कल्हई केली. लग्नाच्या आठवडाभर आधी मुनिबनं मला होणाऱ्या बायकोसाठी, शेफिकासाठी विकत घेतलं. द्रिना नदीकाठच्या गावात त्यांचं घर. कुंपणापलीकडे ओब्राद.

आमच्याकडे कॉफी तीनदा होते. पाहुणा आला की स्वागताची. टेकला की गप्पांची. आणि उठायचं नावच घेईना, की तिसरी. तिचा अर्थ, ‘आता निघा.’ तोंडानं कुणी काही बोलत नाही. कप पुढे येतो आणि शहाणा माणूस टोपी उचलतो.

ओब्राद रोज सकाळी कुंपणावरून हाक मारायचा, “शेजारीणबाई, उकळली का?”

“तुझ्या नाकाला बरं कळतं रे!” शेफिका म्हणायची. बावीस वर्षांत तिनं त्याला तिसरी कॉफी एकदाही दिली नाही. घरचाच तो.

मग युद्ध आलं. ओब्रादच्या धर्माचे बंदूकवाले आमच्या धर्माच्या माणसांना शोधत गावात शिरले, तेव्हा कोण कुठल्या घरात लपलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओब्रादनं आमच्या घराकडे बोट दाखवलं. मी खिडकीत होते, मी पाहिलं. शेफिकानंही पाहिलं. आदल्याच दिवशी त्या बोटांनी साखरेचा खडा माझ्या कॉफीत बुडवला होता. मुनिबला नेलं, तो परत आला नाही. शेफिका नेसत्या कपड्यांनिशी पळाली. दुसऱ्या दिवशी ओब्राद आला आणि रिकाम्या घरातून मला उचलून घेऊन गेला.

नऊ वर्षं मी त्याच्या चुलीवर काढली. भांड्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्यासाठी मी उकळले, याची मला अजून लाज वाटते.

शेफिका परतली तेव्हा त्यानं मला तिच्या हातात दिलं. “तुझ्यासाठीच जपली होती हो!”

“मुनिब कुठे आहे?” तिनं विचारलं.

“मला काय ठाऊक?” म्हणत तो आत गेला. ठाऊक होतं त्याला. त्याच्या चुलीवर माझ्यासमोरच तर तो त्या बंदूकवाल्यांशी बोलला होता, पण मुनिबला पुरलं त्या जागेचं नाव हलक्या आवाजात निघालं आणि मी तेव्हा खळखळत होते. तेवढं एक ऐकू आलं असतं तर!

गेल्या उन्हाळ्यात हेन्रिके नावाची जर्मन दिग्दर्शिका आली. इथे झालेल्या संहाराच्या आठवणींवर आणि समेटावर तिला सिनेमा करायचा होता. शेवटच्या प्रसंगात खरेखुरे शेजारी एकत्र कॉफी पिताना हवे होते. शेफिकानं दोनदा नकार दिला. मग ओब्राद कुंपणाशी आला.

“एवढं कर. शूटिंग संपलं की मुनिबची जागा सांगतो. आईची शपथ.”

त्या दिवशी तिनं मला राखेनं इतकं घासलं की माझ्यात तिचा चेहरा दिसत होता. बत्तीस वर्षांनी तो चेहरा हसत होता.

कॅमेऱ्यासमोर पहिली कॉफी झाली, दुसरी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेफिका त्याच्याकडे झुकली. “आता सांग.”

ओब्रादनं मिशा पुसल्या. “अगं, जाऊ दे ना. मेलेल्यांना कशाला उकरायचं? पिक्चरमध्ये मिटलं की सगळं!”

“कॅमेरा पुन्हा लावतोय, तुम्हाला सुचेल ते करा!” हेन्रिके ओरडली.

शेफिका उठली. तिनं मला परत चुलीवर ठेवलं. तिनं तिसरा कप भरला आणि ओब्रादपुढे ठेवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. उठावं, तर कॅमेरा रोखलेला. तो बसून राहिला आणि प्यायला.

“काय माया आहे हिची! पुन्हा एकदा घेऊ!” हेन्रिकेचे डोळे भरून आले होते.

पाच वेळा घेतलं. पाच वेळा शेफिकानं त्याला हाकललं आणि पाचही वेळा तो निर्लज्ज बसून राहिला.

परवा गावच्या सभागृहात सिनेमा दाखवला; शेजारणींच्या गप्पांत ऐकलं ते सांगते. पुढच्या रांगेत परदेशी पाहुणे, त्यांच्यामध्ये ओब्राद. तिसरा कप आला तसे पाहुण्यांचे रुमाल निघाले. मागच्या रांगेत आमच्या गावच्या बायका बसल्या होत्या. त्यांतली म्हातारी हातिजा मोठ्यानं म्हणाली, “ऊठ की रे मेल्या!”

तो तिथंही उठला नाही.

आता एक संग्रहालय मला मागतंय. ‘क्षमेची जेझ्वा’ म्हणून काचेत ठेवणार म्हणे. शेफिकानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. माझी कल्हई उडालीय, दांडा हलतोय, पण रोज सकाळी ती दोन कप भरते. दुसरा मुनिबचा. तो तसाच थंड होतो.

तुमच्यापैकी कुणाला ती जागा ठाऊक असेल, तर या. तुम्हीही तेव्हा बोट दाखवणाऱ्यांत असलात, तरी या. आता एकदा त्या जागेकडे बोट दाखवा. मी पहिली कॉफी उकळीन, दुसरी उकळीन. तिसरी कुणी तुमच्यापुढे ठेवणार नाही.