चौकटीच्या वहीतली कबुतरं

मी चौकटीची वही बोलतेय. जरा घाईनं बोलेन, सांभाळून घ्या. स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलंच नाही. कोरं पान अंगावर असलं की सारखं काहीतरी टोचत राहतं, आणि मी जन्मले तेव्हा माझ्या अंगावर अठ्ठेचाळीस कोरी पानं होती.

कैरोच्या एका टोकाच्या छापखान्यातला माझा जन्म. पाठीत दोन पिना, वर पातळ निळा पुठ्ठा. चौकटी कशाला, तर पोरांनी भागाकार नीट मांडावेत म्हणून. माझ्या बहिणी दप्तरांतून शाळेत गेल्या. मी मात्र दुकानाच्या गठ्ठ्यात तळाशी राहिले आणि दोन उन्हाळे तिथंच काढले. मग एका सकाळी इन्शिराह आली.

"सगळ्यात साधी वही द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "भारीतली नको. भारी वही घेतली की माझा हातच चालत नाही."

ही इन्शिराह दाताच्या दवाखान्यात काम करते. पेशंटची नावं लिहायची, नंबर आला की हाक मारायची. वय सेहेचाळीस. घरी तिच्या खणात माझ्याआधीच्या तीन वह्या पडलेल्या होत्या, जाड कागदाच्या, कापडी बांधणीच्या. एकीत नऊ चित्रं, एकीत चौदा, तिसरीत चारच. दर वेळी बाईंनी जोरात सुरुवात करायची आणि मग एक दिवस चुकला की वही खणात. पहिल्याच रात्री मला त्या तिघींशेजारी ठेवलं तेव्हा मधली मला म्हणाली, "रंगीत खडू आणलेत का तिनं? नाही? मग तू कदाचित टिकशील."

या वेळी नियम सोपा होता. रोज एक पान, दहा मिनिटं, एक निळं बॉलपेन, खोडरबर नाही. चुकलं तर चुकलं. सकाळी दवाखान्याच्या एक थांबा आधी ती मायक्रोबसमधून उतरायची आणि सुतारांच्या गल्लीत कुठल्यातरी पायरीवर बसायची. चहाचा पेला, झोपलेलं मांजर, वाळत घातलेले कपडे, गच्च्यांवरच्या टीव्हीच्या तबकड्या, जे दिसेल ते. दवाखान्यात वेळ मिळाला तर सुजलेला गालही काढायची. माणसांची एक गंमत मी तेव्हा पाहिली. आपलं चित्र कुणी काढतंय म्हटलं की पोट आत जातं, आणि चित्र पाहिलं की नाक एवढं मोठं नाही म्हणून भांडण होतं.

पंचविसाव्या पानापर्यंत आम्ही एकही दिवस चुकवला नाही. तरी मला चैन नव्हतं. ती उशिरा उठली की माझा जीव टांगणीला. आज विसरली तर? पुन्हा खण?

गल्लीतले लोक मात्र आमच्याशी फारच चांगले वागू लागले होते. घेवडा शिजवून भाकरीत घालून विकणारा दसूकी तिला पाहताच पायरी पुसायचा. "बसा मॅडम, बसा. सलगमचं लोणचं घ्या, घरचं आहे." वाळून गेलेल्या फुलांच्या कुंड्या अचानक हिरव्या झाल्या. कुणीतरी जिना झाडला. एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरची बाई चहा घेऊन स्वतः खाली आली.

"मॅडम, आमची गॅलरी काढताय का?"

"हो, छान आहे."

"ती भेग दिसतेय ना, ती भेग नाही हं. सावली आहे. तुम्ही नका ती दाखवू."

"बरं, नाही दाखवत," इन्शिराह हसून म्हणाली आणि गॅलरी भेगेशिवाय काढली. त्या बाईनं तिच्या लेकराबाळांना दुवा दिला. इन्शिराहला लेकरंबाळं नाहीत, पण तिला बरं वाटलं. मीही फुगले. कलेची कदर आहे या गल्लीत, असं मला वाटलं. खरंच वाटलं, काय सांगू!

एकतिसाव्या पानावर शहाताकाकांची कबुतरांची ढाबळ आली. पाचव्या मजल्याच्या गच्चीवर, लाल-निळ्या फळ्यांची, मिनारासारखी उंच. सत्तरीचे शहाताकाका गच्चीवर निशाण फिरवून कबुतरं उडवत होते. खाली कुणीतरी मान वर करून वहीत उतरवतंय, हे त्यांनी पाहिलं. निशाण ठेवून ते पाच मजले उतरून आले. धाप लागली होती.

"माझी ढाबळ घेतलीत?"

"घेतली की, काका. किती सुंदर आहे!"

"वहीत?"

"हे काय, वहीतच."

"यात काही करता येणार नाही का?"

इन्शिराहला वाटलं, त्यांना चित्रात काही दुरुस्ती हवी आहे. ती म्हणाली, "नाही हो काका. पेनानं काढलंय, आता खोडता येत नाही."

त्यांनी मान हलवली, तिला सलाम केला आणि जिना चढून गेले. त्यांचा चेहरा मला दिसला होता. पण मी पडले वही. मला वाटलं, म्हातारा माणूस, जिन्यानं दमला असेल.

पुढचे तीन दिवस इन्शिराह बहिणीकडे तांता शहरात होती. तिथंही तिनं रोजचं पान सोडलं नाही, म्हणून मी खुशीत होते. शनिवारी आम्ही गल्लीत आलो आणि तिनं वर पाहिलं. गच्ची बोडकी होती. ढाबळीच्या फळ्या खाली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि हातगाडीवाला त्या बांधत होता.

"अरे दसूकी, ढाबळ कुठं गेली?"

दसूकीच्या हातातला डाव थांबला. "असं काय विचारता मॅडम? तुम्हीच लिहून नेलीत ना. तोडायला माणसं येणार, मशीन येणार. त्यांच्या हातून कबुतरं मरण्यापेक्षा शहातांनी शुक्रवारच्या बाजारात नेऊन विकली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस."

"मी लिहून नेली? कुणासाठी?"

"सरकारी कचेरीसाठी."

"अरे देवा! मी दाताच्या दवाखान्यात बसते रे! नाक्यावरच्या! नंबर पुकारते!"

दोन वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत कचेरीची दोन माणसं आली होती, ते तेव्हा आम्हाला कळलं. तीही अशीच मान वर करून बघत, वहीत उतरवत फिरली होती. चौकटीच्या वहीत. तीन महिन्यांनी मागची गल्ली पाडली गेली. या गल्लीतल्या लोकांनी मान वर करून लिहिणारी दुसरी कुठली माणसं कधी पाहिलीच नव्हती. भेग लपवणारी ती बाई गॅलरीतून ओरडली, "दाताची बाई? मग माझा चहा कशाला प्यायलीस गं?" कुणीतरी हसलं. इन्शिराह हसली नाही. मला पिशवीत कोंबून ती जवळजवळ पळतच सुटली.

त्या संध्याकाळी मी खणात गेले.

काय सांगू ते दिवस. शेजारच्या तिघी शांत झोपलेल्या. मला झोप नाही. मी स्वतःला विचारत होते, माझ्या कोऱ्या पानांची हौस भागवायला एका माणसाच्या गच्चीवरचं आकाश रिकामं झालं का? आणि सांगायला लाज वाटते, त्यातही मनात एक चोर होता. तो म्हणत होता, चौदा पानं अजून उरलीत, ती कशी भरणार? मला माझाच राग आला. नऊ दिवस हेच चाललं.

दहाव्या दिवशी खण धाडकन उघडला. दसूकीची दाढ सुजली होती. तो दवाखान्यात आला आणि नंबर यायची वाट न पाहता इन्शिराहच्या टेबलाशी उभा राहून बोलला. तशीच घरी येऊन मला पिशवीत टाकताना ती ते सगळं पुन्हा पुन्हा पुटपुटत होती, म्हणून मला कळलं. विकलेल्यांपैकी चार कबुतरं परत आली होती. बोडक्या गच्चीवरच्या सळ्यांवर बसून होती. शहाताकाका त्यांना दाणे टाकत नव्हते, दुसऱ्यांना टाकू देत नव्हते. "दाणे टाकले तर राहतील. राहिली तर मशीन येईल तेव्हा कुठं नेऊ?" दाताच्या बाईची गोष्ट त्यांना शंभरदा सांगून झाली होती. त्यांचं एकच, "वहीत गेलं ते गेलं." सांगणारे सगळे आपल्याला धीर देण्यासाठी खोटं बोलतात, असं त्यांना वाटत होतं.

आम्ही पाच मजले चढलो. वाटेत दोनदा ती थांबली, दोनदा परत वळली. मी पिशवीत अक्षरशः तळमळत होते. चल ना बाई, चल.

शहाताकाका उपड्या बादलीवर बसले होते. समोर सळ्यांवर चार कबुतरं, पिसं फुगवलेली. इन्शिराहनं पिशवीत हात घातला. तिनं मला त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी पहिल्या पानापासून पाहायला सुरुवात केली. बोट ओलं करून एकेक पान उलटत होते, घरांचे नंबर शोधत होते, नावं शोधत होते. निघाला चहाचा पेला. मांजर. कुणाचे तरी बूट. सुजलेला गाल. दसूकीची गाडी. भेग नसलेली गॅलरी. एकतिसाव्या पानाशी त्यांचं बोट थांबलं.

"ह्याच्यासाठी?" त्यांनी विचारलं. "ह्या एवढ्याशासाठी मी माझी त्रेचाळीस पाखरं विकली?"

"हो काका," ती म्हणाली. "ह्याच्यासाठी." आणि रडायला लागली.

त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. "आणि हे धड तरी आहे का? खांब चार काढलेस. सहा होते. चार खांबांवर ढाबळ उभी राहते होय गं?"

मग ते उठले. कोपऱ्यातल्या डब्यातून मूठभर मका काढला आणि सळ्यांखाली टाकला. चारही कबुतरं धडपडत खाली आली. त्यांना खाताना पाहून काका तिच्याकडे न बघताच म्हणाले, "पेन आहे ना? बस. लिहू नकोस, काढ. पहिली बदरिया. पांढरी, डाव्या पंखात एकच तपकिरी पीस, चोच आखूड. आखूड म्हटलं ना! ही तर बदकाची केलीस."

त्या दुपारी इन्शिराह दवाखान्यात परत गेलीच नाही. काका डोळे मिटून सांगत होते आणि ती काढत होती. कुणाच्या पायाला पिसं, कुणाची मान कोळशासारखी काळी, कोण उडताना उजवीकडे झुकतं, कोण दुसऱ्याच्या थव्यातलं पाखरू फसवून घरी आणतं. चुकलं की काका वसकन ओरडायचे, आणि खोडता येत नाही म्हणून ती शेजारी दुसरं काढायची. एका पानावर तीन, एका पानावर चार. ज्या चौदा पानांसाठी मी नऊ दिवस तळमळले होते, ती एका बैठकीत भरली. शेवटच्या पाखराला पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बसवावं लागलं.

आता मी इन्शिराहकडे नसते. मी शहाताकाकांच्या झग्याच्या खिशात असते, मक्याच्या भुशात. दर शुक्रवारी आम्ही दोघं बाजारात जातो. ते पिंजऱ्यापुढे उभे राहतात, मला उघडतात, पाखराकडे बघतात, माझ्याकडे बघतात. विकणारे चिडवतात, "आले वहीवाले साहेब!" सापडलं की माझ्या पानावर एक ठिपका. आजवर एकोणीस ठिपके झालेत, परत आलेले चार धरून. गच्चीवर जुन्या दारांची आणि खोक्यांची एक ठेंगणी ढाबळ उभी आहे. खांब सहाच आहेत, काकांनी मोजून घेतले.

इन्शिराहनं नवी वही घेतली. चौकटींची नाही, कोऱ्या कागदाची. नव्या गल्लीत बसायच्या आधी ती दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडे बघून मोठ्यानं सांगते, "मी दाताच्या दवाखान्यात बसते हो! नुसतं चित्र काढतेय!" लोक तिला वेडी म्हणतात आणि दाढ दुखते म्हणून पत्ता विचारतात.

माझं मात्र अजून मन लागत नाही. चोवीस पाखरं बाकी आहेत. काकांचे गुडघे सुजतात, आणि बाजार मोठा आहे. बदरिया अजून मिळालेली नाही. म्हणून तुम्हाला हात जोडते, मला हात नाहीत तरी जोडते. तुमच्या गच्चीवर एखादी पांढरी कबुतरी येऊन बसली, आखूड चोचीची, डाव्या पंखात एकच तपकिरी पीस असलेली, तर तिचे पंख बांधू नका. थोडा मका टाका आणि जाऊ द्या. ती घरी निघाली आहे.