इमामाच्या मागची जागा

शिरूरहून बशीर मणियारांचं पत्र आलं होतं. त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. मशिदीच्या ट्रस्टचा शिक्का आणि खाली मजकूर: 'तरावीहच्या नमाजात चुकीचा लुकमा दिला, असं लेखी कळवा. नाहीतर यंदा रमजानला इमामाच्या मागं उभं राहू नका.'

इमाम त्यांचाच पुतण्या, कुरआन तोंडपाठ असलेला हाफिज तौसीफ. तरावीहमध्ये, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजात, कुरआनचा पाठ म्हणताना इमाम घसरला तर मागून बरोबर शब्द द्यायचा, तो लुकमा. दर रमजानला दौंडहून जाऊन मी एवढंच काम करत आलो. दुसरं काही मला जमलंही नाही.

मूसा पैगंबरांच्या गोष्टीत फिरऔन राजाला सरदार सांगतात, शहरोशहरी माणसं पाठवा. कुरआनच्या सूरह आराफ या अध्यायात 'पाठवा'साठी 'अर्सिल' आहे, सूरह शुअरामध्ये 'वब्अस'. अर्थ एकच. पण आराफ म्हणताना 'वब्अस' तोंडी आलं, की माणूस शुअरात शिरतो. गेल्या रमजानला तौसीफ शिरला. मी लुकमा दिला, त्यानं घेतला नाही. पुन्हा दिला. तो भरकटत गेला आणि अडून, पाठ तिथंच सोडून रुकूत वाकला.

बाहेर चपला घालताना बशीरभाई सगळ्यांदेखत म्हणाले, "हाफिजसाहेब, कान गेलं तुमचं. आता नातवंडं सांभाळा." लोक हसले.

घरी कुरआन उघडलं. 'अर्सिल'च बरोबर. पण माझ्या तोंडून त्या वेळी काय गेलं, ते कुरआनात कसं सापडणार? मीच घोळ केला असेल तर?

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात तौसीफ दौंडला आला. बसला नाही.

"बशीरचाचांनी कागद लिहून दिलाय. सही करा."

"आधी तो भाग म्हणून दाखव."

"माझी परीक्षा घेताय व्हय? घ्या."

दारातच तो रागानं भरभर म्हणू लागला. त्या जागी आला आणि 'वब्अस' म्हणाला.

"अर्सिल," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बघा. तवाबी हेच लावलं होतं. अर्सिल, अर्सिल. सगळ्यांसमोर."

"हेच?"

"हेच. मी काय बहिरा हाय?"

मी कुरआन त्याच्यापुढं धरलं. त्यानं ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"असू द्या," तो म्हणाला. "चाचांची इज्जत जाईल. सही करा."

"नाही," म्हणत मी कुरआन मिटलं.

"म्हातारपणी मशीद सुटंल तुमची."

तो गेल्यावर मी लिहिलं: 'लुकमा बरोबर होता. मागं उभं करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. उभा राहिलो आणि तो पुन्हा चुकला, तर पुन्हा बोलेन.'

खाडाखोड झाली म्हणून पुन्हा लिहायला घेणार होतो. तसंच पाकिटात घातलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं.