थंड मुलखाची मडम

चिमाबाईच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती काढायला ब्रह्मदेव आला असता तरी हात हलवत परत गेला असता. उमरठच्या वरच्या डोंगरावर धनगरांची जी वाडी होती, तिथे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिचा नवरा नाथू याला तर सगळ्यांत जास्त. म्हणून त्या हिवाळ्यात तिने जे काही केलं, त्याला कुणी आडकाठी केली नाही. डोक्यात बसलेली गोष्ट अशी होती, की मडम थंड मुलखाची आहे, तेव्हा तिला उबेपासून जपायला हवं.

ही मडम म्हणजे मार्था. चीनच्या लढाईनंतरचं ते वर्ष. विलायतेतल्या कुठल्याशा संस्थेने शिकलीसवरलेली तरुण पोरं वर्षभर फुकट शिकवायला इकडे धाडली होती. त्यांतली ही स्कॉटलंडची पोर पुण्यात मराठी शिकून पोलादपुरात येऊन ठेपली. तिथल्या शिक्षणखात्याच्या साहेबांनी डोकं चालवलं. धनगरवाडीवर एकही मास्तर टिकत नव्हता; जो जाई तो पाय मुरगळला, आई आजारी आहे, असं काहीतरी काढून उतरून येई. साहेबांनी मडमला विचारलं, ती हो म्हणाली, आणि वाडीला निरोप गेला: होळीपर्यंत वर्ग नीट चालला तर शाळा कायमची मंजूर करून घेतो, नाही चालला तर मडमला महाडच्या हायस्कुलात पाठवतो, मग पुन्हा माझ्या दारात यायचं नाही.

निरोप सगळ्या वाडीने ऐकला, पण मनाला लावून घेतला तो चिमाबाईने. थोरल्या भैरूला तिने खालच्या गावात शाळेत घातलं होतं. पावसाळ्यात ओढे भरले की पोर महिना महिना वर अडकून पडायचं. शेवटी मास्तरांनी त्याचं नावच काढून टाकलं. आता तो मुंबईत एका खानावळीत भांडी घासत होता, आणि गावी यायचं तर बसची पाटी दुसऱ्याकडून वाचून घेत होता. धाकटी चंद्रा सात-आठ वर्षांची होती. तिचं तसं होऊ द्यायचं नाही असं चिमाबाईने ठरवलं होतं, म्हणजे ते ठरलंच होतं. मडम आपल्याच घरी राहील, हेही तिनेच ठरवलं.

आता मडमला ठेवायचं कसं? परकी माणसं ठेवण्याचा चिमाबाईला अनुभव नव्हता. जनावरं ठेवण्याचा दांडगा होता. तिच्या सासऱ्याने एकदा महाबळेश्वराकडून म्हैस आणली होती. थंड हवेत वाढलेली, देखणी, भरल्या कासेची. त्याने कौतुकाने तिला गोठ्यात अगदी आत, उबेला बांधलं. म्हशीने वैरण टाकली, तोंड वासून धापा टाकायला लागली आणि महिन्याच्या आत मेली. तेव्हापासून घरात नियमच झाला: थंडीकडचं जनावर वाऱ्यावर बांधायचं, गार पाणी पाजायचं, उष्ण काही घालायचं नाही. आणि महाबळेश्वराचं काय घेऊन बसलात, मडमच्या मुलखात तर म्हणे पाण्याचा दगड होतो.

त्या डोंगरावरच्या घरांत माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली राहतात, मधे काठ्यांचा कंबरेएवढा कूड. म्हशींच्या अंगाची ऊब घरात भरून असते, त्यामुळे भर पौषातही आतल्या माणसाचं एका घोंगडीवर भागतं. मडमला अर्थातच तिथे ठेवलं नाही. तिला दिली बाहेरची ओटी, घरातली सगळ्यांत गार जागा. नाथूने बाजलं टाकलं आणि बायकोच्या हुकमावरून ओटीचा वाऱ्याच्या बाजूचा कारवीचा कूडही काढून टाकला, म्हणजे वारा कसा थेट लागावा. अंघोळीला झऱ्याचं पाणी. जेवायला गार भाकरी, ताक, आणि वर पुन्हा ताक. आत चुलीवर कुळथाची पिठी रटरटत असे, तिचा वास ओटीवर जाई. पण मिरची-लसणाचा तो उष्ण पदार्थ मडमच्या ताटात वाढायला चिमाबाई काही वेडी नव्हती.

कार्तिक बरा गेला. मार्गशीर्ष लागला तसे मडमचे गाल लाल व्हायला लागले, मग नाक, मग कान.

"बग, उष्णता भायेर पडतेय," चिमाबाई शेजारच्या राहीबाईला म्हणाली. "आनखी जपाया पायजे."

एके सकाळी मडमने लोकरीचा जाड सदरा चढवला, तर चिमाबाईने स्वतः उभं राहून तो काढायला लावला. "काढा गो मडम, अंगाची काहिली हुईल." मडमने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सदऱ्याकडे, आणि तो काढून घडी घालून ठेवला. "मी आभारी आहे," ती म्हणाली. हे वाक्य ती पुण्याहून घेऊन आली होती आणि दिसेल तिथे वापरत होती.

थंडी वाढली तशी मडम दोन-तीनदा उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आत चूल पेटलेली, पोरं तिच्याभोवती गोळा झालेली. "मी येऊ का?" तिने विचारलं.

"आत नको, आत नको!" म्हणत चिमाबाई धावत आली, आणि तिला हाताला धरून परत बाजल्यावर बसवून गेली. असं बसवून येताना आपण मडमला किती जपतोय, या विचाराने चिमाबाईला अगदी बरं वाटायचं. पुढे मडमने विचारणंच सोडलं.

वर्गही ओटीवरच भरायचा, सकाळी, गुरं सोडायच्या आधी. पहिल्यांदा वाडीतली झाडून सगळी पोरं आली, शिकायला नाही तरी मडम बघायला. तिचं मराठी पुस्तकी, पोरांचं डोंगरातलं. ती "कृपया इकडे लक्ष द्या" म्हणे आणि पोरं एकमेकांना कोपरं मारून खिदळत. तरी अक्षरं उमटायला लागली होती. चंद्रा तर कोळशाने गव्हाणीवरसुद्धा स्वतःचं नाव लिहू लागली. पण पौषात पोरं गळायला लागली. घोंगडीची खोळ करून यायची, दात वाजवत बसायची, आणि मडम फळ्याकडे वळली की एकेक पसार.

चिमाबाई घरोघर जाऊन भांडली. "ती पोर सात समुद्र वलांडून आली, आन तुमच्या पोरान्ला चुलीफुडनं उठवत नाय?"

"पोरान्ला थंडी वाजते गो," राहीबाई म्हणाली. "मडमचं बरं हाय. तिला वाजत नाय."

चिमाबाई तशीच मागे फिरली, कारण ते तिचंच म्हणणं होतं.

मग एका संध्याकाळी, रोज दूध घेऊन खाली जाणारा रामा बातमी घेऊन वर आला. मडमने त्याच्याच तोंडी साहेबांना निरोप धाडला होता, मला इथून न्या म्हणून. साहेब उद्या हमाल घेऊन येणार होते.

चिमाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "काय कमी केलं हो हिला?" ती नाथूला विचारत राहिली. "सगळ्यांत चांगली जागा दिली. ताक तर आपल्या पोरीच्या तोंडचं काडून दिलं." नाथू नुसता मान हलवत होता. रागावून झाल्यावर तिला रडू आलं. चंद्रा कुडाला टेकून मडमने शिकवलेली कविता म्हणत होती, ते ऐकवेना. भैरूचं झालं तेच आता हिचं होणार, आणि या वेळी ओढ्यालाही दोष देता येणार नव्हता.

झुंजुमुंजू झालं तशी चिमाबाई धार काढायला उठली. दार उघडून पाहते तो बाजलं रिकामं. पत्र्याची ट्रंक मात्र दोरीने बांधून शेजारी ठेवलेली. गेली असेल झऱ्यावर, असं म्हणून ती चरवी घेऊन गोठ्यात शिरली, आणि जागच्या जागी थबकली.

चांदी म्हैस खाली बसली होती. ही चांदी अशी, की परक्याने हात लावला तर चरवीसकट उडवून देईल. तिच्या पोटाला पाठ लावून, पेंढ्यात गुडघे पोटाशी घेऊन मडम झोपली होती. चांदी सावकाश रवंथ करत होती. चिमाबाईने वाकून मडमच्या पावलांना हात लावला. पावलं झऱ्यातल्या दगडासारखी गार होती.

"मडम!"

मार्था दचकून उठली. अंगावरचा पेंढा झटकत म्हणाली, "क्षमा करा. मी आत यायला नको होतं. तुम्हाला ते चालत नाही, मला माहीत आहे."

"काय चालत नाय?"

"मी घरात आलेली. पुण्यात आम्हाला सांगितलं होतं, काही घरांत परक्या माणसाला आत घेत नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. मी प्रयत्न केला. पण फार थंडी वाजत होती."

"थंडी? तुमाला?"

"रोज वाजते."

चिमाबाई चरवी ठेवून तिच्यापुढे पेंढ्यात बसली. "पर तुमच्या मुलखात तर पान्याचा दगड हुतो!"

"होतो ना. म्हणून आम्ही दारंखिडक्या लावून घेतो आणि आत मोठा विस्तव करतो. घरातले सगळे त्याच्याभोवती बसतात." इतकं बोलेपर्यंत तिचा आवाज नीट होता. मग तो फुटला. "इथे मी ओटीवरून तुमची चूल बघत बसते. मला वाटलं, मुलांनाही मी नको आहे, म्हणून येत नाहीत. मग राहून काय करायचं?"

चिमाबाईने तिची पावलं ओढून आपल्या मांडीवर घेतली आणि पदराखाली धरून चोळायला लागली. तिलाही आता आवरत नव्हतं. "तुला परकी म्हनून भायेर नाय ठेवली गो. म्हशीवानी जपली. थंडीकडची म्हस वाऱ्याला बांदायची, ह्येच मला म्हाईत. माज्या अकलेला आग लागो! आन तू तरी काय गो, देवानं तोंड दिलंय न्हवं? एकदा बोलायचं!"

"मी पाहुणी आहे," मार्था म्हणाली. "पाहुण्याने कसं मागायचं?"

चांदीने शेपटीचा एक फटकारा मारून दोघींना धार काढायची आठवण करून दिली.

चिमाबाईने तिला चुलीपुढे नेऊन बसवलं. नाथूची घोंगडी, आपली घोंगडी, शिवाय तो लोकरीचा सदरा, असं सगळं तिच्यावर चढवलं. कुळथाची पिठी नेहमीपेक्षा तिखट केली. मडमच्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं, तरी ती वाटीमागून वाटी ओढत होती. जाऊ नको, हे शब्द चिमाबाईच्या ओठांवर येत होते आणि तिथूनच परत फिरत होते. ज्या पोरीला आपण थंडीवाऱ्यात काढलं, तिला राहा म्हणायला कुठलं तोंड होतं? साहेब आले की मुकाट्याने हात जोडायचे, एवढंच तिने ठरवलं.

तेवढ्यात राहीबाईचा चांगू विस्तव मागायला आला. चुलीपुढे घोंगड्यांच्या ढिगात मडम बसलेली पाहून तो विस्तव विसरला आणि बोंबलत परत पळाला. मग काय विचारता! पाट्या घेऊन, पाट्या न घेता, शेंबडी, उघडी, सगळी वाडीच आत लोटली. जागा पुरेना तेव्हा कूड ओलांडून काही म्हशींत जाऊन बसली. कुणाचे दात वाजत नव्हते, कुणी पळायचं नाव काढत नव्हतं. मार्थाने सगळ्यांवरून नजर फिरवली, नाक पुसलं आणि खडू मागितला.

उन्हं वर आल्यावर साहेब धापा टाकत वाडीत पोचले. ओटी रिकामी. घरातून मात्र पाढ्यांचा गजर ऐकू येत होता. साहेब वाकून आत शिरले. अंधाराला डोळे सरावल्यावर त्यांना पहिल्यांदा म्हशी दिसल्या, मग पोरं, मग धुरात उभी असलेली मार्था.

चिमाबाई पुढे झाली. "साहेब, चूक माजी हाय. मीच तिला गारठ्यात ठेवली, म्हनून तिनं निरोप धाडला. वाडीवर राग धरू नका. आन तिला न्यायची तर न्या, तिचा जीव पयला."

साहेबांना त्यातलं निम्मंअधिक कळलं नाही. त्यांनी पोरांवरून बोट फिरवत मनाशी काही मोजलं, आणि मार्थाला म्हणाले, "हमाल बाहेर उभा आहे. तुमचं सामान कुठे आहे?"

मार्थाने खडूने चांदीच्या गव्हाणीकडे दाखवलं. तिथे बांधलेली ट्रंक होती आणि तिच्यावर चंद्रा आणि चांगू दाटीवाटीने बसले होते. ट्रंक आत कधी आली, कुणी आणली, चिमाबाईला पत्ता नव्हता.

"पण तुम्हीच निरोप पाठवला होता ना?" साहेब म्हणाले.

"हो," मार्था म्हणाली. "तेव्हा मी बाहेर राहत होते."

चिमाबाईने साहेबांसमोरच तिला जवळ ओढून घेतलं.