कामाचा रकाना

परदेशातल्या विद्यापीठाचा अर्ज जवळजवळ भरून झाला होता. गाडं अडलं होतं एकाच रकान्यापाशी: ‘कामाचा अनुभव’. अभ्यासक्रमच असा, की सहा महिने वर्गात शिकायचं आणि सहा महिने कारखान्यात काम करायचं. म्हणजे प्रवेशाची सगळी मदार या रकान्यावर.

“आत्याच्या दुकानात तीन वर्षं पंखे-मिक्सर दुरुस्त केले, असं लिहू ना?” लेकीनं विचारलं.

बाबा हेडक्लार्क. त्यांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. “मोटारींना तारा गुंडाळणारी पोर म्हणून ओळख करून द्यायची? चार लोक काय म्हणतील?”

तिथले चार लोक त्यांच्या ओळखीचे नव्हते. पण बाबांना कुठल्याही देशातले चार लोक चालत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कचेरीतून लेकीच्या नावाचा दाखला आणला. कार्यालयीन व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अनुभव, खाली गोल शिक्का. आत्यानं तो वाचला.

“दादा, त्यांना कामाला माणूस हवंय. यंत्र बंद पडलं तर शिक्का मारून सुरू होणार आहे का?”

“तुला त्यातलं कळत नाही,” बाबा बहिणीला म्हणाले आणि दाखला अर्जाला जोडला.

मुलाखत लॅपटॉपवर होती. पडद्यावर विद्यापीठातल्या बाई. लॅपटॉपमागे बाबा, हातात उत्तरांचे पुठ्ठे.

“कचेरीत काय करत होतीस?”

“फायली लावत होते,” लेकीनं पुठ्ठा वाचला.

“आणखी?”

बाबांनी घाईघाईनं तोच पुठ्ठा पुन्हा वर केला. “फायली,” लेक म्हणाली.

इतक्यात टेबलपंखा गुरगुरत थांबला. घामाघूम बाबांनी त्याला एक चापट मारली, दुसरी मारली.

“बाबा, मारू नका! कपॅसिटर गेलाय!”

तिनं पेन्सिलीनं पातं हलकेच ढकललं. पंखा फिरू लागला आणि पुठ्ठे उडाले. ते गोळा करताना बाबा थेट पडद्यावर आले.

“हे गृहस्थ कोण?”

“माझे बाबा.” लेक म्हणाली. “आणि तो दाखला खोटा आहे. मी आत्याच्या दुकानात काम करते.”

बाई म्हणाल्या, “दाखला मागे घे. आत्याचं पत्र आठ दिवसांत पाठव, मग विचार करू.”

बाबा स्वतः दुकानात गेले. बहिणीसमोर मान वर होईना. आत्यानं पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या कागदावर पत्र लिहिलं आणि खाली ग्रीसचा अंगठा उमटवला. “हा घे शिक्का.”

महिन्याभरानं प्रवेश मिळाला. निघताना लेकीनं बाबांच्या हातात नवा कपॅसिटर ठेवला. “हा तुम्ही बसवायचा.”

रविवारी बाबा दारातच पंखा उघडून बसले. पाहायला शेजारचे चार लोक जमले. बाबांनी दार लोटलं नाही.

“आमच्या मुलीकडून शिकलो,” ते म्हणाले. 

मंडळी, हात काळे झाले तर साबणानं धुता येतात. त्या हातांची लाज वाटली, की मात्र आपल्याच लेकरांच्या वाटेत आपण आडवे येतो.