पितळेचा जोड

मत्स्यालयातल्या ऑक्टोपसच्या टाकीचा प्लास्टिकचा जोड गळत होता. माझ्या बापाने आयुष्यभर नळ बसवले, मीही तेच करतो. आमच्या घरात प्लास्टिकला कुणी जमेत धरत नाही. टाक्या सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंनी बजावलं होतं, "समुद्राच्या पाण्यात धातू नको." या पुस्तकी लोकांना काय कळतंय, असं म्हणून मी पितळेचा जोड ठोकला आणि वरून काळा रंग मारला. बाईंना प्लास्टिकच वाटलं.

आठव्या दिवशी ऑक्टोपस मेला.

बाईंनी तो कापला तेव्हा रक्त निळसर निघालं. मी दचकलो.

"आपल्या रक्तात लोह, तसं याच्या रक्तात तांबं," बाई म्हणाल्या. "पृथ्वीवर प्राणवायू नव्हता तेव्हा तांबं खडकांत अडकून पडलं होतं. प्राणवायू आला, तसं ते पाण्यात उतरलं. आणि या जिवांनी त्या विषालाच श्वासाच्या कामाला जुंपलं."

"विष?"

"रक्तात ते बांधलेलं असतं. पाण्यात मोकळं सुटलं, तर चिमूटभरही जीव घेतं."

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे मला बापानेच शिकवलं होतं.

बाईंनी डोळे पुसले. "याचं खाणं मीच नीट तपासलं नाही. माझाच हलगर्जीपणा."

मी त्या काळ्या जोडाकडे पाहिलं.

"तुम्ही कशाला तोंड पाडून उभे? तुमचा जोड थेंबभर गळत नाही. शेजारच्या टाकीलाही तसाच बसवा, उद्या नवा ऑक्टोपस येतोय."

मी म्हणालो, "बरं."